साईटवरच्या मुलांना वर्षाच्या मध्येच शाळेत कसं घालायचं? अनुभव आणि माहिती हवी

पाटी_पेन्सिल

नमस्कार मंडळी. मी वाघोलीच्या बाजूला राहते, इथे जिकडे बघाल तिकडे टॉवर उठतायत आणि प्रत्येक साईटच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची लेबर कॉलनी असतेच. माणसं यादगीर, कलबुर्गी, विजयपूरची, बिहार-छत्तीसगडची आणि बरीचशी आपल्याच नांदेड-लातूरकडची. आम्ही काही जणी मिळून तिथल्या पोरांना जवळच्या सरकारी शाळेत घालायचा प्रयत्न करतोय आणि दरवेळी गाडी त्याच स्टेशनात अडकते. टीसी आणा, जन्माचा दाखला आणा, आधार आणा, आणि हे सगळं जमवलंच तर आता वर्ष निम्मं झालं, जूनमध्ये या. जूनपर्यंत साईटचं काम संपतं आणि ते कुटुंब कुठे गेलं ते मुकादमालाही धड सांगता येत नाही.

मग बसून आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा नीट वाचून काढला (कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून). इथे लिहून ठेवते म्हणजे ज्यांना शाळेत जाऊन बोलायचंय त्यांना उपयोग होईल. कलम १४ म्हणतं वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. कलम ५ म्हणतं टीसी यायला उशीर झाला हे प्रवेश लांबवायचं किंवा नाकारायचं कारण होऊ शकत नाही, आणि आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा. कलम १५ प्रमाणे वर्ष सुरू झाल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश द्यायचाच. कलम ४ प्रमाणे कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मधेच सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. आणि कलम ९ मध्ये तर स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांचे प्रवेश होतायत ना हे बघणं स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे असं सरळ लिहिलंय, म्हणजे महापालिकेने किंवा जिल्हा परिषदेने त्यांना शोधत यायचं, त्यांनी दारोदार फिरायचं नाही.

आपल्याकडे शिक्षण हमी कार्ड पण आहे, गाव सोडताना शाळेने मुलाला द्यायचं आणि नव्या गावच्या शाळेने ते बघून बसवून घ्यायचं. पण ते कार्ड हातात असलेलं पोर मला इथे अजून तरी भेटलेलं नाही. कुणाला अनुभव आहे का? आणि दुसरा प्रश्न जास्त मोठा आहे, प्रवेश झाल्यावर पुढे काय? मूल कन्नड किंवा लमाणी बोलतं, बाई मराठी बोलतात, मूल आठवडाभर गप्प बसतं आणि मग यायचं बंद होतं.

निवृत्त_बाई

धागा काढलात ते फार बरं केलंत. मी मुंबई महापालिकेच्या शाळेत पूर्ण नोकरी केली. आमच्याकडे मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड अशी आठ माध्यमं, त्यामुळे धारावीतल्या तमिळ मुलाला तमिळ शाळा मिळायची, सोय होती. पुण्याच्या कडेला तशी सोय नाही आणि साईट तर रोज नव्या जागी, त्यामुळे तिथे मराठी शाळेतल्या बाईंवरच सगळं येऊन पडतं हे मला समजतं. साठ मुलांची हजेरी घ्यायची की एका गप्प पोराशी बोलायचं.

तरी एक सांगते. बाहेरच्या राज्यातून आलेलं मूल आलं की आपण पहिल्याच दिवशी मराठी पाटी पुढे ठेवतो, त्याला वाचता येत नाही, आपण कच्चं लिहून मोकळे. माझ्या वर्गात यादगीरकडचा एक नऊ वर्षांचा मुलगा आला होता, वयाप्रमाणे चौथीत बसवला. सगळे म्हणाले निरक्षर आहे. एक दिवस मी कर्नाटकाच्या दुसरीच्या पुस्तकाची पीडीएफ मोबाईलवर उघडून त्याच्या हातात दिली. त्याने आधी स्क्रीन पुसली शर्टाच्या टोकाने, मग बोट ठेवून पहिलं पान वाचलं, मग दुसरं, मग न विचारता पुढे पुढे सरकवत गेला. वर्गातली पोरं उठून त्याच्याभोवती जमली. त्याला वाचता येत होतं हो, गुणाकारापर्यंत गणितही येत होतं, फक्त आमच्या अक्षरात येत नव्हतं. त्यानंतर देवनागरी शिकायला त्याला फार वेळ लागला नाही कारण वाचणं म्हणजे काय हे त्याला आधीच ठाऊक होतं.

तेव्हा पाटी_पेन्सिल ताई, प्रवेशाला जाताना मुलाच्या भाषेतलं एक पान बरोबर न्या आणि ते बाईंच्या समोर वाचायला लावा. काही लाख कागदांपेक्षा जास्त काम होतं त्याने.

पाटी_पेन्सिल

बाई, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच कन्नड आणि हिंदी दोन्हीची पानं प्रिंट काढते.

सडेतोड

पटेल न पटेल पण लिहितो. आपल्या झेडपीच्या मराठी शाळा पट नाही म्हणून बंद पडायला आल्यात, जिथे आहेत तिथे एका मास्तरवर दोन-दोन वर्ग. अशात परराज्यातल्या मुलांसाठी वेगळे शिक्षक, वेगळी पुस्तकं हा भार आपण का उचलायचा? त्यांच्या राज्यांनी बघावं ना. आधी आपल्या ऊसतोडीच्या पोरांचं बघा, ती काय कमी हाल काढतायत? द्वेष म्हणून म्हणत नाहीये, मनापासून विचारतोय.

बालाघाट

सडेतोड, ऊसतोडीचं नाव काढलंत म्हणून लिहितो. मी बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यात झेडपी शिक्षक आहे आणि माझा वर्ग दरवर्षी दिवाळीच्या आसपास निम्मा होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, मुकादम कोयत्याला उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो आणि ती फिटेपर्यंत जोडी त्याची. दसरा-दिवाळी झाली की ट्रक-ट्रॅक्टर लागतात, सांगली, कोल्हापूर, सातारा नाहीतर थेट बेळगाव-बागलकोटकडे, आणि परत यायचं ते मार्च-एप्रिलमध्ये. शाळेचं वर्ष जून ते एप्रिल. म्हणजे आमचं पोर पहिलं सत्र पूर्ण करतं आणि दुसरं सत्र ऊसाच्या फडात. असं पाच वर्षं झालं की पाचवीतलं पोर खरं तर अडीच वर्षं शिकलेलं असतं.

यावर उपाय म्हणून हंगामी वसतिगृह आहे, गावातच, शाळा व्यवस्थापन समिती चालवते. मूल आजीपाशी किंवा नातेवाईकांपाशी झोपतं आणि दोन वेळचं जेवण वसतिगृहात. योजना म्हणून उत्तम, आमच्या गावात त्यामुळे कितीतरी मुलं थांबली. पण मंजुरी आणि पैसे यायला हंगाम निम्मा सरतो, तोवर किराणा उधारीवर आणायचा, आणि आईबाप तर ट्रक लागला की निघणार, ते मंजुरीची वाट बघत थांबत नाहीत, एकदा पोर ट्रकमध्ये बसलं की गेलं. पुढे संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली, ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२. ती व्हायलाच हवीत. पण आठ वर्षांचं पोर तालुक्याला एकटं ठेवायला आई तयार नसते, म्हणून गावातलं हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होणं हे जास्त महत्त्वाचं असं माझं मत आहे आणि ते मी सगळ्या मीटिंगमध्ये बोलतो.

मुलींचं तर वेगळंच. बारा-तेराची झाली की आजीपाशी ठेवायला घाबरतात, बरोबर नेतात, आणि बरोबर नेली की स्वैपाक, पाणी, धाकटं भावंड तिच्याकडे. मग जोडी लागते म्हणून लग्नही लवकर. मागे मी सांगलीकडे एका ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) गेलो होतो, माझ्या वर्गातली एक मुलगी तिथे होती. पहाटेच आईबाप फडात गेलेले, ही तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती आणि धाकटा भाऊ झोळीत. तिने पाचवीचं गणिताचं पुस्तक बरोबर आणलं होतं. मला वाटलं अभ्यास करते. उघडलं तर मागच्या कोऱ्या पानावर रोजच्या खेपा आणि टनाचे आकडे, तारीखवार, कारण मुकादमाचा हिशोब आणि बापाचा हिशोब जुळत नाही म्हणून बापाने तिला लिहायला बसवलं होतं. बेरीज एकूणएक बरोबर. तिथून दोन किलोमीटरवर शाळा होती आणि तिथल्या गुरुजींना ती तिथे आहे हे माहीतच नव्हतं. मी जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी त्याच दिवशी नाव घेतलं, माणूस चांगला होता, पण शाळेत जायचं तर भावाला कुठे ठेवायचं? म्हणून ती भावाला घेऊन बसायची, आणि त्या गुरुजींनी बसू दिलं.

आता सडेतोड, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ही मुलगी बागलकोटला गेली असती तर? तिथल्या शाळेने म्हणायचं का, महाराष्ट्राने बघावं? आमची शेकडो पोरं दर हिवाळ्यात कर्नाटकात असतात हो. यादगीरचा जो मुलगा वाघोलीत आहे तो आणि माझी ही विद्यार्थिनी एकाच रांगेत उभी आहेत. एकाचं बंद केलं की दुसरीचंही दार लागतं.

तापीकाठ

बालाघाट सर, हात जोडून नमस्कार.

मी सुरतला, लिंबायतमध्ये वाढलो. वडील जळगावकडून आले, साडीच्या मार्केटात पार्सलं बांधायचे. आमच्यासारखे खान्देशी इथे लाखोंनी आहेत. मी पहिली ते सातवी सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. गुजरातमध्ये, गुजरातच्या करदात्यांच्या पैशातून, मराठीत. इथे महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांत आहेत कारण लूमवर काम करणारा माणूस जिथून आला तिथली भाषा त्याच्या पोराला शाळेत मिळाली. गंजामकडचे ओडिया कामगार इतके आहेत की त्यांच्यासाठी शाळा काढाव्या लागल्या. कुणी भार म्हटलं असेलही, मला माहीत नाही, पण मला पाटी मिळाली. गुजराती नंतर शिकलो आणि आज दुकानाचं सगळं गुजरातीतच चालतं. अडचण आली ती आठवीनंतर, कारण पुढे मराठी माध्यमाच्या शाळा अगदी मोजक्या, त्यामुळे माझ्याबरोबरची बरीच पोरं, खास करून मुली, सातवीलाच थांबल्या. प्राथमिकला भाषा दिली आणि पुढचा पूल बांधला नाही तर असं होतं. पाटी_पेन्सिल ताई, हे पण ध्यानात ठेवा.

सडेतोड

बालाघाट, तापीकाठ, वाचलं दोघांचं. सुरतेचं मला खरंच ठाऊक नव्हतं. शिक्षक कमी आहेत हा माझा मुद्दा अजून आहे, पण तो सरकारला विचारायचा, त्या पोराला नाही, हे मान्य.

सीमाभाग

बेळगावकडच्या खानापूरहून. आम्ही इकडे वर्षानुवर्षं मराठी शाळांना शिक्षक द्या, मराठीत परिपत्रक द्या म्हणून भांडतोय आणि ज्या आधारावर भांडतो तो घटनेचा अनुच्छेद ३५० अ आहे, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आला, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं यासाठी राज्याने सोय करायची. तोच अनुच्छेद जत आणि अक्कलकोटच्या कन्नड शाळांना लागू आहे, आणि तिथे महाराष्ट्र सरकारच्या कन्नड माध्यमाच्या झेडपी शाळा आहेतही, बालभारती कन्नडमध्ये पुस्तकं छापते. आम्ही इकडे हक्क मागायचा आणि पुण्यात कन्नड मुलाला परत जा म्हणायचं हे जमणार नाही, आमची बाजूच लंगडी होते.

अजून एक गोष्ट जी फार कमी लोकांच्या लक्षात येते. लमाणी म्हणजे बंजारा समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत. म्हणजे तेच कुटुंब सीमा ओलांडलं की वेगळ्या यादीत, आणि इकडचा जातीचा दाखला तिकडच्या शिष्यवृत्तीला चालत नाही. तांडा एकच, बोली एकच, सोयरीक दोन्हीकडे. त्यामुळे पाटी_पेन्सिल, साईटवरच्या लमाणी मुलांना शिष्यवृत्ती मिळेल असं आईबापांना आधीच कबूल करू नका, नाहीतर विश्वास जाईल.

ह्यूस्टनवाला

इथून थोडं वेगळं पण जोडलेलं. टेक्सासने १९७५ मध्ये कायदा केला होता की ज्या मुलांकडे अमेरिकेत राहण्याचे कायदेशीर कागद नाहीत त्यांच्यासाठी शाळांना राज्याचा पैसा मिळणार नाही. टायलर नावाच्या गावात अशा मुलांकडून वर्षाला १००० डॉलर फी मागायला लागले, मेक्सिकोहून आलेल्या मजुरांची पोरं, कुठून देणार. चार कुटुंबं कोर्टात गेली, आणि जाताना सकाळी लवकर सुनावणी ठेवली होती कारण त्यांना पकडतील ही भीती होती. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की मुलाला आईबापाच्या कागदांची शिक्षा देता येणार नाही, शाळेत घ्यावंच लागेल. खटल्याचं नाव प्लायलर विरुद्ध डो. आजही इथे शाळेत नाव घालताना भाडेकरार किंवा लाईटबिल मागतात, व्हिसा मागत नाहीत. आमच्यासारख्या एचवनबी व्हिसावाल्यांना हे सहज वाटतं पण ज्यांनी ते मिळवलं ती माणसं हातावर पोट असणारी मजूर होती.

भाषेचंही तसंच. १९७४ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की मुलाला जी भाषा समजत नाही त्या भाषेत नुसतं पुस्तक हातात देणं म्हणजे शिक्षण दिलं असं होत नाही. त्यामुळे आज माझी मुलगी, जी घरी फक्त मराठी बोलायची, तिला पहिल्या दिवसापासून ईएसएलच्या (इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या) बाई मिळाल्या. आपण म्हणतो अमेरिकेत सोयी आहेत, त्या अशा कुणीतरी भांडून आणलेल्या.

बालाघाट सरांच्या मुद्द्याला जोडून, इथे पिकामागे फिरणाऱ्या शेतमजुरांच्या मुलांसाठी १९६६ पासून केंद्राचा वेगळा कार्यक्रम आहे आणि मुलाची नोंद राज्याराज्यांत ऑनलाईन पोचते. मूल नव्या शाळेत आलं की आधीच्या शाळेत काय झालं ते तिथे बघायला मिळतं. आपल्याकडे यूडायसला (शाळांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत) प्रत्येक मुलाचा नंबर आहेच ना? मग धारूरची नोंद सांगलीला आणि यादगीरची वाघोलीला का दिसू नये?

बालाघाट

नंबर आहे हो, पण अडतो कुठे ते सांगतो. जुन्या शाळेने ऑनलाईन सोडलं तरच नव्या शाळेला नाव ओढून घेता येतं. आणि जुनी शाळा सोडायला कचरते कारण पट कमी झाला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) शिक्षक कमी होतो. मीच सांगतो, आमच्या भागात मूल ऊसाला गेलं तरी नाव पटावरच राहतं, तिकडे दुसऱ्या शाळेत गेलं तर दोनदा नोंद दिसते, आणि वर म्हणायचं बोगस पट. शिक्षकाची नोकरी आणि मुलाचा प्रवेश हे दोन्ही एकाच आकड्याला बांधलेत, ते सोडवल्याशिवाय कुणीही मनापासून मूल सोडणार नाही. हंगामी स्थलांतराच्या मुलाला दोन्ही शाळांत धरायची मुभा द्या, आमची हीच मागणी आहे.

निवृत्त_बाई

अगदी बरोबर सर. आणि अंगणवाडीचं विसरू नका. त्या पोरीने भावाला घेऊन शाळेत बसायचं ही सोय तात्पुरती. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बाया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली ठेवायचीच असं होतं (२०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नव्या श्रम संहिता आल्या). धाकटं सांभाळणारं कुणी नसेल तर मोठी बहीण शाळेत येणार कशी? पाटी_पेन्सिल, तुमच्याकडच्या बिल्डरला आधी हे विचारा, शाळेआधी. पुण्यात डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था कितीतरी वर्षं साईटवर वर्ग आणि बालवाड्या चालवतायत, त्यांना जागा आणि पाणी दिलं तर अर्धं काम होतं.

पाटी_पेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

थोडी अपडेट. काल शाळेत गेलो तेव्हा कलमं छापून नेली होती आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे कन्नडचं पानही. मुख्याध्यापिका सुरुवातीला तेच म्हणाल्या, आधार नाही तर ऑनलाईन नाव चढत नाही आणि नाव चढलं नाही तर पोषण आहाराचं गणित बिघडतं, आणि त्यांचंही चूक नाही, वरून रोज व्हॉट्सॲपवर आधारचं व्हॅलिडेशन (पडताळणी) किती झालं विचारतात. मग आठ वर्षांच्या मुलीला पान दिलं. तिने वाचलं. मॅडमना कन्नड येत नाही पण वाचणारं मूल कसं दिसतं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनी हजेरीच्या वहीत हाताने नावं लिहून घेतली, आधारचं मागाहून बघू म्हणाल्या. लेबर कॉलनीतली सात मुलं आजपासून वर्गात आहेत.

अडलेलं असं: शाळा हायवेच्या पलीकडे आहे, डंपर धावतात, लहान मुलांना ओलांडून द्यायला कुणीतरी लागतं. बिल्डरच्या ऑफिसात पाळणाघर आणि गाडी दोन्हीसाठी पत्र दिलंय, उत्तर नाही. आणि ज्या आया बांधकाम कामगार मंडळात नोंदलेल्या आहेत त्यांच्या पहिली ते सातवीच्या मुलांना वर्षाला २५०० रुपये मिळतात, हजेरी ७५ टक्के हवी, त्यासाठी नोंदणीचे फॉर्म भरायला सुरुवात केलीय पण ९० दिवस काम केल्याचा दाखला ठेकेदार देत नाही. यावर कुणाला मार्ग माहीत आहे का?

सडेतोड

दाखला ग्रामसेवक किंवा महापालिकेच्या अधिकाऱ्याकडूनही मिळू शकतो, ठेकेदारच पाहिजे असं नाही. माझा चुलतभाऊ नोंदणीचं काम करतो, त्याला विचारून नमुना इथे टाकतो. आणि मी खराडीलाच आहे, सकाळी कामावर जायच्या आधी रस्ता ओलांडून द्यायला येऊ शकतो, शाळा किती वाजताची आहे?

पाटी_पेन्सिल

सकाळी सातची. पावणेसातला गेटपाशी या, कॉलनीच्या बाजूच्या गेटला, पुढच्या नाही. बाकी दिवसांसाठी अजून दोघं हवेत, कुणी आसपास असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.